यंत्र कानात, ऐकणे मेंदूत

तुम्ही बोलायला कोणाकडून शिकलात? इंग्रजी शिकवायला शाळेत शिक्षक असतात, व्याकरणाचे पुस्तक असते, परीक्षाही असते. घरची भाषा शिकवायला मात्र कोणी तास घेतला नव्हता. आई पाळण्याशी बोलत होती, आजी ओवीत होती, शेजारचे भांडत होते आणि तुम्ही नुसते ऐकत होता. जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही त्यांच्या ओठी केवढी समृद्ध भाषा होती! ती सारी कानावाटे आत गेली होती.

आता असे मूल डोळ्यांपुढे आणा, ज्याचे कान जन्मापासूनच बंद आहेत. त्याची जीभ, घसा, स्वरयंत्र सारे धडधाकट असते, तरी ते बोलत नाही. लोक त्याला ‘मुके’ म्हणतात, पण खरी अडचण बोलण्याची नसून ऐकण्याची आहे. जगभरात दर हजार नवजात बालकांमागे साधारण एक ते तीन बालकांना जन्मतःच ऐकण्याचा मोठा दोष असतो. गेल्या काही दशकांत अशा मुलांसाठी ‘कॉक्लिअर इम्प्लांट’ नावाचे साधन उपलब्ध झाले आहे. ते बसवलेली काही मुले पुढे साध्या शाळेत जातात, फोनवर बोलतात. काहींना मात्र तेच यंत्र, तशीच शस्त्रक्रिया होऊनही हाक कळण्यापलीकडे फारसे साधत नाही. असे का होते? त्याचे उत्तर शोधायचे तर आधी कानात डोकवावे लागेल.

कानातला शंख

ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडदा थरथरतो. त्याला जोडलेली हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे ती थरथर आतल्या कानाकडे पोचवतात. तिथे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली नळी असते. ती उलगडली तर सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांब भरेल. डॉक्टर तिला ‘कॉक्लिया’ म्हणतात. आपण ‘कर्णशंख’ म्हणू.

कर्णशंखात सुमारे १५,००० केशपेशी ओळीने बसलेल्या असतात. द्रव हलला की त्यांच्या टोकांवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि पेशीत विद्युत्-संकेत निर्माण होतो. तो सुमारे ३०,००० तंतूंच्या श्रवणचेतेमार्फत मेंदूकडे जातो. गंमत अशी की, पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे येथेही प्रत्येक स्वराची जागा ठरलेली असते. शिट्टीसारखे उंच स्वर शंखाच्या तोंडाशी आणि ढोलासारखे खालचे स्वर आतल्या टोकाशी उमटतात. कर्णशंखातील या लहरींचा अभ्यास करणाऱ्या गेऑर्ग फोन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जन्मजात बहिरेपणात बहुधा या केशपेशीच निकामी असतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. नेहमीचे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. पण मोठा झालेला आवाज झेलायला केशपेशीच पुरेशा नसतील तर त्याचा उपयोग किती होणार?

गवताची काडी

मग केशपेशींना वगळून श्रवणचेतेलाच वीज दिली तर? १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी तसा प्रयत्न केला. १९६१ पासून लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी त्यावर काम केले. पण एकाच तारेने लय कळे, शब्द कळत नसत. प्रत्येक स्वराची जागा वेगळी, तेव्हा तारेवर अनेक विद्युत्-अग्रे हवीत आणि ती तार शंखाच्या वेढ्यांतून आतवर सरकायला हवी. नेमके हेच जमत नव्हते.

ऑस्ट्रेलियातील डॉ. ग्रॅम क्लार्क १९७७ मध्ये सुटीत समुद्रकिनारी गेले असता त्यांनी एक शंख उचलला आणि त्यात गवताची काडी घालून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाशी लवचिक असलेली काडी वेढ्यांतून सहज आत गेली! तारही तशीच बनवायची हे त्यांनी ताडले. १९७८ साली मेलबर्नमध्ये त्यांनी आपल्या बहुअग्री यंत्राचे पहिले रोपण केले. या क्षेत्रातील कामासाठी २०१३ चा लास्कर पुरस्कार क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि ब्लेक विल्सन यांना मिळाला. भारतात ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांपैकी मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

या यंत्राचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग कानामागे लावतात. त्यातला ध्वनिग्राहक आवाज टिपतो, छोटा संगणक त्याचे उंच-खालच्या स्वरांत पृथक्करण करतो आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली चकती ती माहिती रेडिओलहरींनी त्वचेपलीकडे पाठवते. आतला भाग शस्त्रक्रियेने कानामागच्या हाडावर बसवतात. त्याची बारीक तार कर्णशंखात जाते. तिच्यावर, यंत्र कोणत्या बनावटीचे आहे त्यानुसार, १२ ते २२ विद्युत्-अग्रे असतात. कर्णशंख जन्मतःच पूर्ण आकाराचा असल्यामुळे मूल वाढले तरी तार आखूड पडत नाही.

पण १५,००० केशपेशींचे काम २२ अग्रे करणार! भरगच्च वाद्यवृंद बावीसच पट्ट्यांच्या पेटीवर वाजवण्यासारखे हे झाले. जो संकेत मिळतो तो अपुरा आणि अनोळखी असतो. त्यातून ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘दार’ आणि ‘धार’ निवडण्याचे काम मेंदूला शिकावे लागते. म्हणून चष्मा लावला की दिसू लागते, तसे येथे होत नाही. यश-अपयशाची सारी कारणे या एका गोष्टीभोवती फिरतात: त्या मेंदूला शिकण्याची संधी केव्हा, किती आणि कशी मिळाली?

मेंदूचे घड्याळ

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वय. ऐकू येणारे बाळ आईच्या पोटात शेवटचे सुमारे तीन महिने आवाज ऐकत असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूतील श्रवणाचे मार्ग झपाट्याने जुळतात. या काळात कानाकडून काहीच आले नाही, तर ते मार्ग नीट पक्के होत नाहीत.

अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेत जन्मतः कर्णबधिर असलेल्या १०४ मुलांच्या मेंदूतील विद्युत्-प्रतिसाद मोजले. साडेतीन वर्षांच्या आत रोपण झालेल्या मुलांचा प्रतिसाद सहा महिन्यांच्या वापरानंतर त्यांच्या वयाच्या इतर मुलांसारखा झाला. सात वर्षांनंतर रोपण झालेल्या बहुतेकांचा तसा झाला नाही. मधल्या वयात काहींचा झाला, काहींचा नाही. म्हणजे दार एकदम बंद होत नाही, हळूहळू लोटले जाते.

आता शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातील एखाद्या खेड्यात काय घडू शकते ते पाहू. समजा, मूल दीड वर्षाचे होऊनही बोलत नाही. घरचे म्हणतात, “याचा बापही उशिराच बोलला.” थाळी वाजवली की मूल वळते, म्हणून सारे निश्चिंत होतात. पण थाळीचा हादरा जमिनीतून जाणवतो, हलणारा हात डोळ्यांना दिसतो, आणि मोठे आवाज थोडेफार ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलणे ऐकू येत नसते. अडीच वर्षांनी तपासणी होते, मग काही महिने श्रवणयंत्र लावून पाहायचे, मग दाखले आणि अर्ज. मूल चार वर्षांचे कधी झाले ते कळतही नाही. यात कोणी मुद्दाम उशीर केलेला नसतो, पण मेंदूचे घड्याळ थांबलेले नसते.

म्हणून तज्ज्ञांनी सोपे सूत्र ठरवले आहे: एक महिन्याच्या आत चाळणी-तपासणी, तीन महिन्यांच्या आत निश्चित निदान, सहा महिन्यांच्या आत उपचारास सुरुवात. ‘ओएई’ ही चाळणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते. निरोगी कर्णशंख आवाज ऐकल्यावर स्वतः मंद प्रतिध्वनी परत पाठवतो. हे डेव्हिड केंप यांनी १९७८ साली दाखवून दिले. तो प्रतिध्वनी यंत्र टिपते. ‘बेरा’ या दुसऱ्या चाचणीत डोक्याला तारा चिकटवून श्रवणचेतेपासून पुढचा विद्युत्-प्रवास तपासतात. दोन्हींमध्ये बाळाला काही टोचत नाही.

कारण काय, तेही महत्त्वाचे

दुसरी गोष्ट म्हणजे बहिरेपणाचे कारण आणि कानाची घडण. रोपणापूर्वी सीटी आणि एमआरआय करून कर्णशंख घडला आहे का आणि श्रवणचेता आहे का ते पाहतात. चेताच नसेल, तर कर्णशंखात कितीही चांगले यंत्र बसवले तरी संकेत पुढे जाणार नाही.

जन्मजात बहिरेपणाच्या निम्म्याहून अधिक कारणांचे मूळ आनुवंशिकतेत सापडते. ‘कनेक्सिन २६’ या प्रथिनाच्या जनुकातील दोष त्यांत प्रमुख आहे. आई-वडील दोघांकडे दोषी जनुकाची एकेक प्रत असली, तर त्यांना स्वतःला ऐकू येते. पण त्यांच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही दोषी प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे. अशा नात्यात दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो. मात्र एक दिलासा असा की, या दोषात बिघाड कर्णशंखापुरता असतो, चेता शाबूत असते. त्यामुळे या मुलांना रोपणाचा बहुधा चांगला लाभ होतो.

गर्भारपणी आईला झालेला रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ ही इतर कारणे. यांत कधी मेंदूच्या इतर भागांनाही इजा झालेली असते, मग प्रगती सावकाश होते. रुबेला लसीने टळतो. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली होती. मेंदूज्वराने आलेल्या बहिरेपणात तर फारच घाई करावी लागते, कारण कर्णशंखात हाड धरू लागते आणि तारेला वाट उरत नाही.

तासांचा हिशेब

शस्त्रक्रियेनंतर दोन ते चार आठवड्यांनी यंत्र चालू करतात. प्रत्येक अग्राला किती वीज द्यायची हे मुलागणिक ठरवावे लागते आणि पुढे अनेकदा जुळवावे लागते. त्या दिवसापासून मुलाचे ‘श्रवणवय’ मोजायचे. तीन वर्षांच्या मुलाचे रोपण झाले, तर चौथ्या वाढदिवशी त्याचे कान एकच वर्षाचे असतात. त्याने चार वर्षांच्या मुलासारखे बोलावे अशी घाई करून चालत नाही.

आता गणित करा. मूल दिवसाला १२ तास जागे असते. यंत्र चारच तास लावले, तर एका वर्षाचे ऐकणे गोळा व्हायला तीन वर्षे लागतील. आजच्या यंत्रांत रोजच्या वापराचे तास नोंदले जातात, ते यासाठीच.

दुसरे गणित. तज्ज्ञाकडे आठवड्याला एक तास प्रशिक्षण असते. मूल आठवड्याला ८४ तास जागे असते. उरलेले ८३ तास कोणाचे? घरच्यांचे. अमेरिकेतील सहा केंद्रांत रोपण झालेल्या १८८ मुलांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लहान वयात झालेले रोपण, आधी थोडेफार ऐकू येत असणे, घरची परिस्थिती यांबरोबरच आई-वडील मुलाशी कसे बोलतात-खेळतात, याचाही भाषेच्या वाढीशी संबंध असल्याचे त्यात दिसून आले.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. वांगी भाजताना फुटणारी साल, भरीत ठेचण्याचा ठोका, केळीच्या बागेतला पाण्याचा आवाज, कानबाईच्या मिरवणुकीतली वाद्ये, हे सारे श्रवणाचे धडेच आहेत. आधी आवाजाकडे लक्ष वेधायचे, मग त्याचे नाव सांगायचे, मग मुलाच्या उत्तरासाठी थांबायचे. हे थांबणे फार महत्त्वाचे.

अहिराणी की मराठी?

खानदेशात एक प्रश्न हमखास पडतो. घरात अहिराणी किंवा लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याशी भिलोरी किंवा पावरी, आणि शाळेत प्रमाण मराठी. मुलाशी कोणत्या भाषेत बोलावे? उत्तर सोपे आहे: जी भाषा आई-वडिलांच्या तोंडी सहज आणि भरपूर येते, तिच्यात. अडखळत बोललेल्या प्रमाण मराठीच्या चार वाक्यांपेक्षा दिवसभर ओघाने बोललेली अहिराणी मुलाच्या मेंदूला अधिक खुराक देते. एक भाषा रुजली की तिच्या आधाराने दुसरी शिकता येते.

शिक्षकांनीही एक काळजी घ्यावी. खानदेशी बोलींत ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो. ‘डोळा’ चा ‘डोया’, ‘काळा’ चा ‘काया’ होतो. रोपण झालेले मूल ‘डोया’ म्हणाले, तर तो उच्चारदोष समजू नये. त्याने आजीचा शब्द हुबेहूब ऐकला, याचा तो पुरावा आहे!

अंतर, पैसा आणि ऊन

जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे. समजा, एखादे कुटुंब दर आठवड्याला प्रशिक्षणासाठी मुंबईला जाऊन परत आले. एका फेरीचे ८४० किलोमीटर. वर्षाच्या ५२ आठवड्यांचे ४३,६८० किलोमीटर. पृथ्वीच्या विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. बुडणारी मजुरी आणि घरची दुसरी भावंडे यांचा हिशेब तर निराळाच. शस्त्रक्रिया एकदा मुंबई-पुण्याला करता येते, प्रशिक्षण मात्र वर्षानुवर्षे चालते. म्हणून ते जिल्ह्यात किंवा तालुक्यातच मिळणे आणि आई-वडिलांनाच ते शिकवणे निर्णायक ठरते. व्हिडिओ-भेटींनीही आता काही फेऱ्या वाचतात.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात काम करते. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेत २०१४ च्या सुधारणेनुसार वर्षाला ५०० मुलांसाठी, प्रत्येक यंत्रामागे ६ लाख रुपयांपर्यंत तरतूद झाली आणि तिची जबाबदारी याच संस्थेकडे आली. जन्मजात बहिरेपणासाठी वयाची मर्यादा पाच वर्षांची ठेवली गेली. म्हणजे उशीर झाला तर मेंदूची संधी आणि मदतीची संधी एकदमच निसटू शकते.

यंत्र मिळाल्यावरही खर्च संपत नाही. तारा तुटतात, विजेऱ्या संपतात, बाहेरचा भाग काही वर्षांनी बदलावा लागतो. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घाम यंत्रात शिरतो. रात्री ते ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावे. धुळवडीत आणि पोहताना ते काढून ठेवावे. एक सुटी तार बंद पडून महिनाभर यंत्र कपाटात राहिले, तर तो महिना मुलाच्या श्रवणवयातून वजा होतो.

वर्गात काय करावे?

अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने घटतो. पंख्यांची घरघर आणि पत्र्याच्या छतावरचा पाऊस यांत बावीस अग्रांचा संकेत सहज हरवतो. म्हणून अशा मुलाला पुढे, खिडकी-रस्त्यापासून दूर बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ओरडू नये, ओरडल्याने शब्दांचा आकार बिघडतो. वर्गमित्रांनी एका वेळी एकानेच बोलावे.

यंत्र नीट चालते की नाही, हे शिक्षक रोज एका मिनिटात पाहू शकतात. डॅनिएल लिंग या तज्ज्ञांनी सुचवलेले सहा ध्वनी आहेत: म, ऊ, आ, ई, श, स. यांत ‘म’ आणि ‘ऊ’ खालच्या स्वरांचे, ‘श’ आणि ‘स’ उंच स्वरांचे. सहांत मिळून बोलण्यातले जवळजवळ सारे स्वर येतात. मुलाच्या पाठीमागे उभे राहून ते क्रम बदलत उच्चारावेत आणि मुलाने तसेच म्हणून दाखवावेत. काल येत असलेला ‘स’ आज गेला, तर त्याच दिवशी पालकांना कळवावे.

भाषा हवीच

एक गोष्ट स्पष्ट असावी. प्रत्येक मुलाचे रोपण होऊ शकत नाही, आणि झालेल्या प्रत्येकाला सारखे यश मिळत नाही. अशा मुलाला भाषेविना ठेवणे मात्र योग्य नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. तिच्यासाठी २०१५ पासून दिल्लीत राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. वाट पाहण्याच्या काळात खुणांनी बोलले तर मूल आळशी होईल, ही भीती बाळगू नये. मेंदूला सर्वांत मोठा धोका असतो तो कोणतीच भाषा न मिळण्याचा.

आणि तुम्ही काय करू शकता? आपल्या घरी, गल्लीत लहान बाळे असतीलच. तीन महिन्यांचे बाळ आईच्या आवाजाने शांत होते का? सहा-सात महिन्यांचे बाळ मागून आलेल्या आवाजाकडे वळते का? वर्षाचे मूल आपल्या नावाला ओळखते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यातील पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन तपासणी करतात. जन्मजात बहिरेपणही त्यांच्या यादीत आहे. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे कान-नाक-घसा विभाग आहेत. “बोलेल हळूहळू” असे घरचे म्हणाले, तर त्यांना एवढेच सांगा की, तपासणीत काही निघाले नाही तर एक दिवस जाईल. न तपासता थांबलो आणि दोष असला, तर जी वर्षे जातील ती परत मिळणार नाहीत.